एक तास मागे

दुकानदाराने दोन पातळ पट्ट्या आत सरकवून जुना टेप डॅशबोर्डातून बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या मागच्या भोकांतून गवताची एक काडी माझ्या मांडीवर पडली. भाताच्या गवताची, आंब्याच्या पेटीत घालतात तसली. गाडी जुनी, टेप गाडीहून जुना. काडी उचलून मी नाकाशी नेली. इतक्या वर्षांनी तिला वास कुठून असणार? पण मला आला.

"उंदीर शिरला होता वाटतं," दुकानदार म्हणाला.

"उंदीर नाही. हा टेप आधी आंब्याच्या पेटीत होता."

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि वायरी सोडवायला लागला. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे धंद्यात मुरलेल्या माणसाला कळतं. दुकान त्याचं मारुती मंदिरच्या पुढे, चढावर. दारात सीटकव्हरांचे ढीग, आत सुगंधाच्या बाटल्या, डॅशबोर्डावर चिकटवायचे गणपती आणि भिंतभर काळे चकचकीत टेप. त्यांना आता टेप म्हणत नाहीत. सिस्टीम म्हणतात.

"बोला ताई, काय काय पायजे तुम्हाला?"

"परवडेल असा. आणि त्यात घड्याळ पाहिजे. हाताने लावता येईल असं घड्याळ."

"घड्याळ कशाला ओ? मोबाईलात आहे की."

आहे खरं. मोबाईलात घड्याळ आहे, मनगटावर आहे, कचेरीत माझ्या डोक्यावरच एक भलंमोठं टांगलेलं आहे आणि ते मला दिवसभर रागे भरत असतं. पण ती सगळी घड्याळं बरोबर असतात. त्यांचा मला काय उपयोग, हे भर रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीत बसून अनोळखी माणसाला कसं सांगायचं?

बाबा बोटीवर होते. आमच्या बाजूला, पावसच्या अलीकडे, एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. घराघरातलं कुणी ना कुणी बोटीवर असायचं किंवा मुंबईला तरी असायचं. बाबा एकदा रजेवर आले ते एक खोका छातीशी धरून. एसटीतून उतरतानाही त्यांनी तो टपावर टाकू दिला नव्हता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात, बोट सुटायच्या घाईत, त्यांनी एका दुकानाच्या काचेत हिरवे आकडे चमकताना पाहिले आणि टेपरेकॉर्डर म्हणून तो घेतला. अर्धी वाडी बघायला ओटीवर जमली. खोका उघडला. आत टेप होता, झकास होता, पण त्याला ना कर्णे होते, ना विजेची पिन. मागून नुसत्या रंगीबेरंगी वायरी लोंबत होत्या.

"अरे, हा गाडीतला टेप," शेजारचे भाऊकाका म्हणाले. "गाडी कुठाय?"

गाडी नव्हती. सायकलसुद्धा नव्हती. बाबांचं तोंड पाहून मला हसावं की रडावं ते कळेना. आई मात्र पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेवटी बाबाही हसायला लागले. मग पावसच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने आमच्याच पडवीतली आंब्याची रिकामी पेटी घेतली, तिच्यात गवत दाबलं, त्यात टेप बसवला, बाजूच्या फळ्यांना दोन कर्णे ठोकले आणि खाली ट्रकची एक बॅटरी जोडून दिली. बॅटरीला चार्जर. लाईट असली की बॅटरी भरत राहायची, लाईट गेली तरी टेप चालू.

तेव्हापासून आमच्या ओटीवर हापूसच्या पेटीतून गाणी यायची. घरात शिरलं की ॲसिडचा आंबट वास, त्याच्यात गवताचा, त्याच्यात आंब्याच्या लाकडाचा. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरायची. आई त्या चुलीवरच्या फळीवर, आमसुलांच्या बरणीशेजारी ओळीने मांडून ठेवायची. आमच्या घरातल्या भजनांना कायम धुराचा आणि आमसुलांचा वास असे, आणि मला वाटायचं सगळ्यांच्याच भजनांना तो येत असणार. एका वैशाखात पेट्या भरताना बागेतल्या गड्याने तीही पेटी उचलली. वायरी ताणल्या, कॅसेट चालू झाली, आणि तो बिचारा पेटी हातात धरून तसाच उभा राहिला. वाशीच्या बाजारात आमचं भजन पोचायचं थोडक्यात राहिलं.

"हा बघा," दुकानदार म्हणाला. तोवर त्याने मोठ्या काचेचा एक नग पुढ्यात आणून ठेवला होता. "ह्याच्यात सगळं. मोबाईल जोडा, नकाशा बघा, मागचा कॅमेरा लावा. डॅशबोर्ड जरासा कापावा लागेल."

"आणि घड्याळ?"

"ह्याचं घड्याळ आपोआप. वरून घेतं टाइम. चुकायची बातच नाय."

"मग नको," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी किंमत बघून मागे सरले. तेही खोटं नव्हतं. त्याने काच पुन्हा कापडात गुंडाळली आणि शिडीवर चढून खालच्या दर्जाचा माल काढायला लागला.

त्या टेपच्या अंगात घड्याळ होतं. गाणं चालू नसेल तेव्हा हिरव्या आकड्यांत वेळ दिसायची. लाईट गेली की सगळ्या घरात तेवढाच उजेड. बाबांची रजा संपत आली तेव्हा आईला कसं कोण जाणे सुचलं. ती म्हणाली, "भिंतीवर आपलं घड्याळ हाय. ह्या पेटीतलं तुमच्या टायमाला ठेवू."

बाबांनी मला पेटीसमोर बसवून समजावलं. बोट मुंबईहून सुटून पश्चिमेला लागली की बोटीवरची घड्याळं मागे घेतात. एकदम नाही. जसजशी बोट पुढे जाईल तसतसा एकेक तास. "तुझी आय सांगेल तेव्हा तूपण घ्यायचा हां बाय, एक तास मागे." आणि बटण दाखवलं. मागे जायचं बटण त्या घड्याळाला नव्हतंच. फक्त पुढे. एक तास मागे जायचं तर पुढचे सगळे तास फिरून यावं लागायचं.

बाबा गेले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई देवाजवळ दिवा लावायची, नमस्कार करायची आणि तशीच पाठमोरी म्हणायची, "घे गो एक तास मागे." मी बटण दाबत राहायची. आकडे भराभरा पुढे पळायचे, अख्खी रात्र संपवून एका तासाने मागे येऊन थांबायचे. भिंतीवरच्या घड्याळात आणि पेटीतल्या घड्याळात पहिल्यांदाच फट पडायची. त्या पहिल्या तासाचा मला फार राग यायचा. पुढच्या तासांचं काही वाटत नसे. बाबा लांबच आहेत, आणखी थोडे लांब गेले. पण पहिला तास म्हणजे बाबा घरातून खरोखरच गेले. त्या दिवशी मी जेवताना कुणाशी बोलत नसे.

बंदर आलं की फोन यायचा, देवळाजवळच्या दुकानात. बोलावणं आलं की आम्ही दोघी धावत सुटायचो. बाबांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आता इथं किती वाजलेत ते ऐक." आई ती वेळ तोंडाने घोकत घरी यायची. वाटेत कुणी विचारलं, "काय गो, काय म्हणतायत?" तर उत्तर द्यायची नाही, नुसता हात वर करायची, कारण बोलली की वेळ विसरायची. गावात तिची चेष्टा चालायची. नवऱ्याचा फोन आला की बाई मुकी होते, म्हणायचे. घरी पोचल्यावर चालण्यात गेलेली मिनिटं ती अंदाजाने वर घालायची आणि मी घड्याळ मिळवायची. त्या आकड्यांना दिवस-रात्र कळत नसे, त्यामुळे तिकडे पहाट आहे की दुपार यावरून आमचं भांडण व्हायचं. बाबा जेवले असतील, असं ती म्हणायची. झोपले असतील, असं मी म्हणायची. शेवटी ती माझ्या ताटात भात वाढत म्हणायची, "जेवून झोपले असतील, मग तर झालं?"

फोन नसला की सगळा अंदाज. समुद्राकडे तोंड करून ती जरा वेळ उभी राहायची, जणू तिथून काही दिसणार होतं. मग म्हणायची, "आता पुढं गेले असतील." बोट कुठे जाते याचा आईला पत्ता नव्हता. शाळेच्या नकाशात मी दाखवायला गेले तर ती म्हणाली, कागदावर काय बघायचं, पाणी हलत पण नाय त्याच्यात. पण तिच्या अंदाजावर आमच्या घरातलं एक घड्याळ चालायचं, आणि चूक निघाली तर पुढच्या फोनला ती स्वतःवरच चिडायची.

बाबा परत आले की पाय धुवायचे, देवाला हात जोडायचे आणि शर्टही न बदलता पेटीसमोर मांडी घालून बसायचे. अंगाला तेलाचा आणि परक्या साबणाचा वास. त्या दिवशी बटण दुसऱ्या कुणी दाबायचं नाही. ते तास फिरवत फिरवत भिंतीवरच्या घड्याळापर्यंत आणायचे. दोन्ही घड्याळं एक झाली की म्हणायचे, "आलो." आधी दारात येऊन उभे राहिलेले असायचे, ट्रंक आत आणलेली असायची, पण आमच्या घरी ते खरे यायचे ते तेव्हा. आई मग चहा ठेवायला उठायची. घड्याळ बरोबर म्हणजे बाबा घरी, हे मला भिंतीवरचं घड्याळ वाचता येण्याआधीपासून ठाऊक होतं.

"हा घ्या, हा तुमच्या बजेटात बसेल," दुकानदार शिडीवरून उतरला. "गाणी मोबाईलवरनं, पेनड्राइव्ह लागतो, रेडिओ आहे. फक्त लाईट जरा जास्तच निळी आहे. रिक्षावाले नेतात. पण आवाजाला वाईट नाय हां."

"घड्याळ?"

"आहे आहे." तो आता हसायला लागला होता. "हे बटण धरून ठेवायचं, मग दाबत जायचं. हातानंच. ताई, एक विचारू? लोक आवाज विचारतात, गॅरंटी विचारतात. तुम्ही घड्याळाचं काय घेऊन बसलात?"

"हा जुना टेप आईनं जपला होता," मी म्हटलं. उत्तर काही ते नव्हतं. पण त्याने मान हलवली.

बोट सोडून बाबा घरी आले तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली. जुनीच घेतली. घरी आणल्या आणल्या पेटीतला टेप उचकटून हिच्यात बसवला, आणि मगच नारळ फोडला. भाऊकाका म्हणाले, "टेपासाठी गाडी घेणारा तू पयलाच." रविवारी आम्ही निघायचो. कधी पूर्णगड, कधी गणेशगुळ्याचा समुद्र, कधी नुसतं पावसपर्यंत जाऊन वडे खाऊन परत. बाबा बोटीवरच्या सवयीने गाडी फार सावकाश चालवायचे. आई शेजारी. मी मागे बसून दोघांच्या खांद्यांमधून ते हिरवे आकडे बघायची. मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायची. बरोबर असायचे. मी तेव्हा नोकरीला लागले होते, चांगली मोठी होते, आणि तरीही मागच्या सीटवर बसून दर वेळी नव्याने तीच खात्री करून घ्यायची. त्या गाडीतली मागची सीट ही जगातली माझी सगळ्यात आवडती जागा होती. आता तिथे मी छत्री आणि भाजीची पिशवी ठेवते.

बाबा गेले ते श्रावणात, घरीच. गाडी शेडमध्ये उभी राहिली, बॅटरी उतरली. नवी घातली तेव्हा टेप लागला, पण घड्याळ सगळं विसरलं होतं. नुसती शून्यं उघडझाप करत होती. मी सवयीने बटणाकडे हात नेला. शेजारून आई म्हणाली, "थांब. कुठली वेळ लावतेस?"

"आपली. दुसरी कुठली?"

"आपली ते घरी होते तेव्हाची." ती समोर रस्त्याकडे बघत होती. "आता कुठं हायत, तिथं किती वाजलेत, म्हायतेय तुला?"

मी हात मागे घेतला.

"मग राहू दे. कळलं की लावू."

तिला कळलं नाही. पुढची सगळी वर्षं ती माझ्या शेजारी त्या उघडझाप करणाऱ्या शून्यांसमोर बसून डॉक्टरकडे आली, लग्नांना आली, देवळात आली. अधूनमधून शून्यांकडे बघायची आणि मग बाहेर बघायची. गेल्या वर्षी तीही गेली. शून्यं चालूच होती. कचेरीतून घरी येताना मी कधी गाणी लावली नाहीत, पण ती शून्यं गाडीत असायची. कुणीतरी अजून वाट बघतंय, वेळ कळायची राहिली आहे, असं वाटायचं. मग मागच्या आठवड्यात, भाट्याच्या पुलावर, ती शून्यंही विझली. त्या दिवशी मी पुलापलीकडे सुरूच्या बनाजवळ गाडी बाजूला घेतली. घरी जायचं तर कुणाकडे, असं पहिल्यांदाच स्पष्ट वाटलं. आई गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

म्हणून मला घड्याळ हवं होतं. चुकवता येणारं. बरोबर आहे म्हणावं तर बाबा घरी असायला हवेत, आणि ते नाहीत. शून्यं ठेवावी तर प्रश्न विचारणारी आईही नाही. एकटीने किती दिवस तसं बसणार?

"झालं," दुकानदार म्हणाला. निळा टेप जागेवर बसला होता, आणि खरंच फार निळा होता. जुना त्याने वर्तमानपत्रात गुंडाळला. "हा ठेवून जाता? भंगारात जाईल नायतर."

"नेते मी."

"आणि हे घ्या, तुमचं घड्याळ." त्याने मोबाईल काढला, डोळे बारीक करून मिनिटासह वेळ मिळवली आणि समाधानाने मागे सरला. "एकदम बरोबर. आता नाय चुकणार."

मी आभार मानले. त्याचा काय दोष? पैसे दिले, गुंडाळी शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघाले.

पुलावर आले तेव्हा सूर्य खाडीच्या तोंडाशी टेकत होता. होड्या परतत होत्या. समोर निळे आकडे, न मिचकावता, बरोबर वेळ दाखवत होते. मी मनगटावर पाहिलं. पुन्हा आकड्यांकडे पाहिलं. आणि अंगात कुठेतरी इतकी वर्षं निजलेली ती पोर उठून बसली. घड्याळ बरोबर आहे. बाबा घरी आले. पाय नकळत दाबला गेला. गोळपच्या चढावर मी एका टेम्पोला मागे टाकलं, जे मी कधी करत नाही. हे सगळं खुळेपण आहे हे मला कळत होतं, आणि तरी वळणावर आमचं घर दिसेपर्यंत मी गाडी हळू केली नाही.

घर काळोखात होतं. दाराला सकाळी मीच लावलेलं कुलूप. आत गेले, ओटीवरचा दिवा लावला. ओटीच्या कोपऱ्यात जमिनीवर अजून बॅटरीच्या ॲसिडचा पांढरट डाग आहे, आईने कितीदा घासला तरी न गेलेला. पाय धुतले. देवाजवळ दिवा लावला, हात जोडले. आणि तशीच उभी राहिले. पाठीमागे कुणी पेटीसमोर बसलेलं नव्हतं, आणि तास मागे घ्यायला सांगणारं पुढे कुणी नव्हतं. घरात इतकं शांत होतं की वातीचा आवाज येत होता.

मी किल्ली घेतली, बाहेर आले आणि गाडीत बसले. किल्ली अर्धी फिरवली. अंगण निळं झालं.

"घे गो एक तास मागे," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. आईसारखं जमलं नाही.

बटण दाबून धरलं. आकडे उघडझाप करायला लागले. मागे जायचं बटण ह्यालाही नव्हतं. मग एकेक तास पुढे घेत गेले. रात्र गेली, पहाट गेली, दुपार गेली, सगळे तास बोटाखालून गेले, आणि मनगटावरच्या वेळेच्या एक तास अलीकडे येऊन मी थांबले. हाच तो तास, ज्याच्यापायी मी लहानपणी जेवताना तोंड शिवून बसायची. आज मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला कितीतरी बरं वाटलं. एकच तास. म्हणजे बाबा कालच निघाले. अजून फार लांब गेले नसतील.